उतरलेल्या सेलांवरचा इतिहास

"नोकरीबद्दल काहीतरी लिहून द्या," असं अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा आमच्या घरात त्यावर बराच हशा झाला. बायको म्हणाली, "काय लिहान तुमी? तीस वर्षं भिंगं पुसली अन् लंबक हालवले. एका पानात संपते तुमची नोकरी." खोटं नाही तिचं. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. सामान काढून द्यायचं, पुसून परत ठेवायचं आणि पोरांनी प्रयोग न करताच आकडे लिहिले की गालातल्या गालात हसायचं, एवढंच काम.

पण त्या नोकरीच्या पोटात माझी आणखी एक नोकरी होती. तिची ऑर्डर कधी निघाली नाही. कॉलेजात कोणी आंधळा, बहिरा, पायानं अधू विद्यार्थी आला की त्याची यंत्रं सांभाळायची. आता अशा कामाला लांबलचक नाव आहे, वेगळी खोली आहे, संगणक पुस्तक वाचून दाखवतो म्हणतात. आमच्या वेळी, महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, या सगळ्या खात्याचं नाव होतं 'सुखदेवला विचारा'. सुखदेव म्हणजे मी. गावातले रेडिओ दुरुस्त करायचा नाद होता, तेवढंच माझं शिक्षण.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. दुसरबीडचा एक मुलगा होता, त्याला ऐकू कमी यायचं. कानाचं यंत्र म्हणजे तेव्हा खिशात ठेवायचा काड्याच्या पेटीएवढा डबा आणि तिथून कानात गेलेली वायर. दर सोमवारी "भाऊ, बंद पडलं" म्हणून हजर. उघडून पाहावं तर सगळं ठणठणीत. शेवटी कळलं की सोमवारी अर्थशास्त्राचे दोन तास लागोपाठ असायचे आणि हा पठ्ठ्या बटण बंद करून डोळे उघडे ठेवून झोपायचा. रागावलो तर म्हणतो कसा, "तुमाले कान बंद करता येत नाई, त्याले मी काय करू?"

दुसरा साखरखेर्ड्याचा. त्याच्या हातानं चालवायच्या तीनचाकीचा दांडा मी तीनदा कापला, तीनदा जोडला. दर वेळी तो बसायचा, चार पावलं जायचा आणि गप्प राहायचा. चौथ्यांदा मी वैतागून विचारलं, "बाबा, तुले नेमका कुठं पाह्यजे हा दांडा?" त्यानं बोट ठेवून दाखवलं. "मंग आधी काऊन नाई सांगतलं बे?" तर म्हणे, "तुमी इचारलंच नाई." मी आपला फूटपट्टी घेऊन त्याला मापत बसलो होतो. त्याचं म्हणणं मला एवढं लागलं की पुढं मी कोणाच्याही यंत्राला हात लावण्याआधी त्यालाच विचारायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण पाळलं नेहमीच असं नाही. पुढं सांगतो ती भानगड त्यातलीच.

एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. "सुखदेवराव, उद्यापासून एक मुलगी येईल. देऊळघाटची आहे. तिला दिसत नाही. बाहेरगावच्या अंधशाळेत शिकून मॅट्रिक झाली आहे. आपल्याकडे बी. ए. करायचं म्हणते."

"येऊ द्या ना साहेब," मी म्हटलं.

"येऊ द्या काय! संस्थेची कमिटी तयार नव्हती. मुलगी वर्गात नुसती बसून राहील, कॉलेजचं हसं होईल, असं त्यांचं म्हणणं. मी एक वर्षाची सवलत मागून घेतली. वार्षिक परीक्षेच्या आधी कमिटी स्वतः येऊन पाहणार. पटलं तर परीक्षेला बसेल, नाही पटलं तर नाव कमी. ते कपाटातलं यंत्र काढा आणि काय करता येतं ते बघा."

कपाटातलं यंत्र म्हणजे टेपरेकॉर्डर. गावातल्या एका सद्गृहस्थांचे नातेवाईक परदेशाहून आले, त्यांनी तो कॉलेजला भेट दिला होता. दोन चकत्या, एकीवरची फीत दुसरीवर गुंडाळत जायची. सहा मोठ्या सेलांवर चालायचा. एकदा गॅदरिंगला वाजवला आणि तेव्हापासून त्याच्यावर झुरळांचा संसार होता.

मुलीचं नाव इंदू. एकोणीस-वीस वर्षांची, बुलढाण्याला मावशीकडे राहायची. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली, नाक वर केलं आणि म्हणाली, "इथं कोनी राळ जाळून राह्यलं का?" मी राळ लावून रेडिओच्या तारांना डाग देत होतो. "हाव," म्हटलं, "मीच." "बरं झालं काका, आता मले ही खोली सापडन." तेवढ्यावर आमची ओळख पक्की झाली.

आता बाहेरच्यांना हे काम समजावं म्हणून थोडं सांगतो. इंदूजवळ लिहायला धातूची पाटी आणि एक बोथट टोचणी होती. जाड कागदावर टोचून ठिपके उमटवायचे आणि बोटांनी वाचायचे. टोचताना उजवीकडून डावीकडं, वाचताना कागद उलटून डावीकडून उजवीकडं. मी शिकायला गेलो आणि आठव्या दिवशी कान धरले. पण तिच्या ठिपक्यांच्या लिपीत बी. ए.ची पुस्तकं कुठं होती! पुस्तक कोणीतरी वाचायचं, तिनं ऐकायचं, हवं तेवढं टोचून घ्यायचं. परीक्षेत ती सांगणार आणि लेखनिक लिहिणार. तेव्हा सगळं अडायचं ते वाचणाऱ्या माणसावर.

वाचायला कोण? स्टाफरूममध्ये मी विचारून आलो. "पाहू", "सवड मिळाली तर", "पुढच्या महिन्यात". एकटे लिमये सर उठले. इतिहासाचे प्राध्यापक, मूळ पुण्याचे. "मी वाचेन," म्हणाले. "सबंध ग्रंथ वाचेन."

लिमये सर म्हणजे आवाज. माणूस शिडशिडीत, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा पेंगणारा दचकून उठायचा. तो आवाज त्यांनी जपला होता. थंडीत गळ्याला मफलर, आंबट वर्ज्य, दर अर्ध्या तासानं कोमट पाणी. रेडिओवाल्यांनी आपल्याला एकदा तोंडभरून नावाजलं होतं, हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. आमच्या बोलण्याचा त्यांना फार त्रास. "सुखदेव, 'मले' नव्हे, 'मला'." मी "बरं सर, मले समजलं" म्हणून आणखी त्रास द्यायचो.

वाचनासाठी जागा हवी शांत. आमच्याकडं प्रकाशाच्या प्रयोगांची एक अंधारी खोली होती, काळ्या पडद्यांची. तिथं यंत्र मांडलं. पहिल्याच दिवशी सर आत शिरले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी आपटून घेतली. इंदू आधीच येऊन बसलेली. "सर, डावीकडून या. स्टूल हाये तिथं," तिनं सांगितलं. सर चाचपडत बसले, मग मी कंदील लावला. त्या खोलीत तीच आमची वाटाडी होती.

आणि इथं माझी अक्कल धावली. कॉलेजनं सहा नवे कोरे सेल दिले होते. मी विचार केला, नवे सेल पोरीला ऐकायला लागतील, ते राखून ठेवावेत. टेप भरायला काय, जुनेही चालतील. आमच्या घरच्या बॅटरीतले दोन आणि भावाच्या शेतावरच्या जागलीच्या बॅटऱ्यांतले चार, सगळे उतरलेले, असे सहा सेल घालून मी यंत्र सुरू केलं. चकत्या फिरल्या. सरांनी घसा खाकरला आणि दख्खनच्या जुन्या राजवटींच्या कारभाराचं प्रकरण वाचायला घेतलं. मध्येच "सुखदेव, पाणी आणा" झालं, तेही टेपवर गेलं. सर वाचायचे मात्र सावकाश हो! एक वाक्य संपून दुसरं सुरू होईतो माझे दोन स्क्रू बसवून व्हायचे.

दुसऱ्या दिवशी इंदूसाठी नवे सेल घातले आणि टेप लावला. यंत्रातून उंदीर बोलू लागला.

उंदीरच! एवढासा, चिरकट, घाईघाईत. लिमये सरांचा तो घुमणारा आवाज चिंचिं चिंचिं करत पळत होता. इंदूनं पदराचा बोळा तोंडात घातला तरी हसू आवरेना. "काका, हे कोन हाये? सर काऊन उंदरावानी बोलून राह्यले?" मीही आधी हसलो, मग घाम फुटला. चूक ध्यानात आली. उतरलेल्या सेलांवर यंत्राची मोटर हळू फिरते, म्हणजे फीत हळू सरकते. ती फीत नव्या सेलांवर लावली की भराभर पळणार आणि तिच्याबरोबर आवाजही. शेतकऱ्याच्या घरची काटकसर, दुसरं काय! नवी वस्तू राखायची आणि जुनी वापरायची, हे हाडात मुरलेलं. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसून मला एवढं सुचू नये!

"पुन्हा वाचायला लावतो सरांना," मी म्हटलं. "मापी मागतो."

"थांबा काका. बंद नका करू." ती हसायची थांबली होती. मान एका बाजूला झाली होती. "मांगं घ्या. पुन्हा लावा."

पुन्हा लावला. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तिनं सगळं प्रकरण शेवटपर्यंत ऐकलं आणि मग मला सांगायला बसली. कोणत्या राजवटीत गावचा सारा कोण गोळा करायचं, कोणाचा हक्क किती, सगळं, क्रमानं. शेवटी म्हणाली, "अन् मधात सरांनी पानी मांगतलं."

"तुले समजलं हे?"

"समजलं ना. वर्गात सर बोलते तवा मी पुढच्या शब्दाची वाट पाहत बसतो काका. तवरोक मन देऊळघाटले जाऊन येते. हे बराबर हाये. मले असंच भरून द्या."

झालं. चूक होती ती पद्धत झाली. शिवाय फायदा असा की फीत हळू सरकल्यामुळं अर्ध्या चकतीत सबंध प्रकरण मावायचं, आणि फीत आम्हाला काही उदंड नव्हती. पण त्यासाठी आता मला उतरलेले सेल लागायचे, आणि तेही हवे तसे उतरलेले. पार मेलेला सेल कामाचा नाही, त्यावर चकती हलत नाही. मी एक छोटा दिवा लावून पाहायचो. तार बिडीच्या टोकासारखी लाल दिसली की सेल पास. पांढरी दिसली की परत, अजून थोडा वापरून आणा.

गावात ही गोष्ट झाली चेष्टेची. "सुखदेवभाऊ उतरलेले सेल जमा करून राह्यला, डोस्कं ठिकानावर नाई त्याचं." पण सेल यायचे. इंदूचे वडील आबाजी दर बाजारच्या दिवशी देऊळघाटहून पिशवी घेऊन यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, ओल्या शेंगा आणल्या. उघडली तर निम्म्या गावाच्या बॅटऱ्यांचे सेल. "पाहा बरं भाऊ, बराबर उतरले का," आबाजी काळजीनं विचारायचे. "हा एक जरा ताजा वाटते. चार दिस अजून जागलीले नेऊ का?"

खरी कसरत पुढं होती. लिमये सरांना आपला आवाज ऐकायची हौस. आठवड्यातून एकदा तरी, "सुखदेव, मागचं प्रकरण लावा पाहू, उच्चार तपासायचे आहेत." आता आली का पंचाईत! पण उपायही त्यातच होता. उतरलेल्या सेलांवर भरलेलं उतरलेल्याच सेलांवर लावलं की जवळजवळ जसंच्या तसं वाजतं. मी दोन डबे केले. एकावर लिहिलं 'सर', दुसऱ्यावर 'इंदू'. सरांची चाहूल लागली की इंदूचे सेल काढायचे, सरांचे घालायचे. सर डोळे मिटून ऐकायचे. "'ष' चांगला आला आहे," म्हणायचे. मेळ नेहमीच बसायचा असं नाही. एकदा सर म्हणाले, "मला त्या दिवशी पडसं झालं होतं काय?" इंदूनं गंभीरपणे सांगितलं, "हो सर, थोडंसं."

आम्ही फार हसलो त्यांच्यामागं. आता लिहिताना थोडी लाज वाटते. जो एकटा माणूस उठून वाचायला आला, त्याच्याच आवाजाची आम्ही मजा करत होतो, आणि त्याला पत्ता नव्हता. सरळ सांगून टाकायचं, असं एकदा माझ्या मनात आलं. पण भीती अशी की या माणसाचा सगळा अभिमान त्या आवाजात, आपला उंदीर झालेला कळला तर उठून जाईल. मग पोरीला कोण वाचणार? म्हणून गप्प बसलो. सरांना विचारलंच नाही.

एकदा मी इंदूला विचारलं, "तुले कमिटीचं भेव वाटते का?"

ती टोचणी चालवत होती, ती थांबली. "वाटते ना. घरी मले कोनी वाईट वागवत नाई काका. जेवाले आधी मलेच वाढते. पन कोनी काई इचारत नाई. कापूस इकाचा असो का सोयरीक असो, सगळे आपसात बोलते अन् मी भिताडाशी बसतो. इथं सर इचारते, 'सांग, का हरले?' मी चुकलो तर रागावते. मले परत भिताडाशी नाई जाचं."

त्यानंतर मी तिला हा प्रश्न विचारला नाही.

परीक्षेला पाच आठवडे होते तेव्हा कमिटी आली. अध्यक्ष पाटीलसाहेब, मोठे जमीनदार, आणि बरोबर चार जण. प्राचार्य, लिमये सर आणि इंदू प्रयोगशाळेतच. सरांनी त्या दिवशी कोट घातला होता. ठरलं असं की आधी टेपरेकॉर्डर ऐकवायचा, मग मुलीला प्रश्न. मी सकाळीच यंत्रात सरांच्या डब्यातले सेल घालून, घासूनपुसून टेबलावर ठेवलं होतं आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या आणायला गेलो होतो.

आमचा शिपाई गणपत, माझ्याच वयाचा, फार भला माणूस. त्याला वाटलं, एवढे मोठे लोक येणार आणि सुखदेव यंत्रात जुने सेल घालतो! त्यानं आपला विचार करून इंदूच्या डब्यातले नवे कोरे सेल घालून ठेवले. मला सांगायचंही राहिलं.

प्राचार्य म्हणाले, "आता आपण प्राध्यापक लिमये यांच्या वाणीत एक प्रकरण ऐकू." सरांनी कोट नीट केला. मी बटण दाबलं.

चिंचिं चिंचिं चिंचिं.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग पाटीलसाहेबांच्या पोटातून हसू आलं आणि खोलीभर पसरलं. एक सभासद तर रुमाल डोळ्याला लावून म्हणाला, "लिमये सर, वाणी गोड आहे हो तुमची!" सर लाल झाले, मग पांढरे. बटण बंद करायला मी हात घातला, तर ते दाबलंच जाईना. घाईत मी भलतंच बटण दाबत होतो.

पाटीलसाहेब हसू आवरून म्हणाले, "हे शिकोनं चालू हाये का कॉलेजात? प्राचार्य साहेब, यातलं एक अक्षर तरी समजलं का कोनाले? वर्षभर या पोरीनं हे ऐकलं?"

"मले समजलं," इंदू म्हणाली.

ती उठून उभी राहिली. तिच्या हाताला टेबलाची कड होती. म्हणाली, "जमिनीची प्रत ठरवून सारा कसा बांधत, ते वाचलं सरांनी. चांगली, मधली अन् हलकी असे जमिनीचे भाग. कोनत्या जमिनीले किती, ते पिकावरून ठरे. पान्याची सोय असली तर येगळा हिशोब. गावचे जुने लोक बसवून प्रत ठरवत, एकट्या अंमलदारानं नाई." आणि मग जरा थांबून, "मधात सर म्हनाले, 'सुखदेव, पाणी आणा.'"

पुन्हा हसू, पण या वेळी निराळं. पाटीलसाहेब खुर्चीत पुढं सरकले. त्यांच्या शेताचा विषय निघाला होता. "बरं पोरी, मले सांग. प्रत ठरोताना वाद झाला तर?" इंदूनं सांगितलं. "अन् काळी जमीन असून पानी लागत नसन तर?" तेही सांगितलं. ते विचारत गेले, ती सांगत गेली. एके ठिकाणी तिनं त्यांना "नाई, तसं नव्हतं" म्हणून अडवलंसुद्धा. पाटीलसाहेबांना कोणी असं अडवल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते उठले, प्राचार्यांना म्हणाले, "बसू द्या परीक्षेले. आमी पाच जनं कान असून बहिरे, अन् हिनं सगळं टिपलं." आणि गेले.

आम्ही जिंकलो होतो. पण लिमये सर कोणाशी न बोलता निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. परीक्षा तोंडावर, पुस्तकाचा तिसरा हिस्सा बाकी. इंदू अंधाऱ्या खोलीत येऊन बसायची आणि उठून जायची. म्हणाली, "काका, चूक आपली हाये. त्याईले सांगाले पाह्यजे होतं." मी सरांच्या घरी जायला दोनदा निघालो आणि दोनदा कोपऱ्यावरून परत आलो. कोणत्या तोंडानं जाणार? गणपत बिचारा वेगळाच, तो मला पाहिलं की वाट बदलायचा.

चौथ्या दिवशी वाचनाच्या वेळी दारात मफलर दिसला. सर आत आले, खिशातून रुमालाची गाठोडी काढून टेबलावर ठेवली आणि सोडली. आत दोन सेल होते.

"गणपत घरी येऊन सगळं सांगून गेला. हे आमच्या घरच्या बॅटरीतले," ते म्हणाले. "आठ दिवस मंद जळत आहेत. चालतील का पाहा."

मी दिवा लावून पाहिलं. तार लाल झाली. "बराबर उतरले सर," मी म्हटलं. सर स्टुलावर बसले, पुस्तक उघडलं, मग बंद केलं. "इंदू, खरं सांग. माझं वाचन इतकं सावकाश आहे?"

"हाव सर."

"'हाव' नव्हे. 'हो'."

"हो सर. लय."

सरांनी मफलर सैल केला. मग त्यांना हसू आलं. मोठं, घुमणारं, पडद्यांपर्यंत जाणारं. त्या खोलीत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

इंदू पास झाली, इतिहासात आमच्या कॉलेजात सगळ्यांच्या वर. पुढची वर्षंही झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत ती इतिहास शिकवायला लागली. अजूनही तिचे विद्यार्थी तक्रार करतात म्हणे, बाई फार भरभर बोलतात.

सर निवृत्त होऊन पुण्याला गेले. बऱ्याच वर्षांनी, मीही घरी बसलो होतो तेव्हा, त्यांच्या मुलाचं पत्र आलं. सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. तुम्हा लोकांना भेटायचं म्हणतात. पत्र वाचून मी किती तरी वेळ ओट्यावर बसून राहिलो. सगळं जाऊ शकतं माणसाचं, पण त्या माणसाचा नेमका आवाजच जावा?

इंदूला सांगितलं. तिनं हात पुढं करून पत्र घेतलं, त्याची घडी घातली. मग म्हणाली, "काका, ते यंत्र हाये ना अजून?" यंत्र कॉलेजनं कधीच मोडीत काढलं होतं, ते माझ्याच माळ्यावर होतं. खाली काढलं, पट्टा बदलला, तेल घातलं. चकती इंदूजवळ होती, ट्रंकेत कापडात गुंडाळलेली. राहिले सेल. नवे दुकानात मिळाले. उतरलेल्यांसाठी मी देऊळघाटला गेलो. आबाजी आता खाटेवर असायचे. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी उशाची बॅटरी उघडून सेल काढून दिले, आणि शेजारच्यांना हाक मारली, "सेल काढा रे, सुखदेवभाऊ आला!"

सर इंदूच्या घरी आले. आणखी शिडशिडीत झाले होते. गळ्यात तोच मफलर, हातात पाटी आणि खडू. ते लिहायचे आणि मी इंदूला वाचून दाखवायचो. शेवटी मीही वाचक झालो. तिनं चहा दिला, मग म्हणाली, "सर, बसा. ऐका."

मी उतरलेले सेल घातले आणि बटण दाबलं. खरखर झाली आणि लिमये सर बोलू लागले. सावकाश, घुमत, एकेक अक्षर तोलून. सरांनी डोळे मिटले. इंदू तर हालतही नव्हती. सर उच्चार तपासायला यायचे ते दिवस सोडले, तर तिनं हा टेप कधी या चालीनं ऐकला नव्हता. मध्येच आवाज आला, "सुखदेव, पाणी आणा." आणि मी चक्क उठलो. तांब्यापर्यंत गेलो आणि मग ध्यानात आलं. आणला तरी पेला भरून, ठेवला त्यांच्यापुढं. त्यांनी तो घेतला.

प्रकरण संपल्यावर सरांनी पाटी ओढली आणि लिहिलं. मी वाचलं, "हा गृहस्थ फारच सावकाश वाचतो."

इंदू डोळे पुसत म्हणाली, "हो सर."

सरांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं, "आता तिचे सेल घाला."

मी नवे सेल घातले. उंदीर निघाला पळत. चिंचिं चिंचिं, सारा, जमीन, काळी, हलकी, सगळं घेऊन. सरांनी एक हात गळ्यावर ठेवला, मान मागं टाकली, त्यांचे खांदे गदगदा हलू लागले, डोळ्यांतून पाणी. आवाज मात्र काहीच नाही.

इंदूनं कान टवकारले. तिला फक्त यंत्र ऐकू येत होतं. "काका," ती हळूच म्हणाली, "सर काय करून राह्यले?"

"हसून राह्यले."

"मोठ्यानं?"

"हाव," मी म्हटलं. "लय मोठ्यानं."